समुद्राच्या पाण्यातील छाटकलमे
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझी सारी नोकरी कलमांच्या मांडवाखाली गेली. कोय कलम, मृदुकाष्ठ कलम, गुटी, डोळा भरणे हे विषय घेऊन मी आपल्यापुढे कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. आज ज्या कलमाविषयी बोलणार आहे त्याला मात्र मुळे फुटत नाहीत, पाने येत नाहीत आणि ते मातीत लावावयाचेही नसते. हे प्रवाळाचे, म्हणजे आपल्या अंगठीतल्या पोवळ्याच्या गोतावळ्यातील सागरी प्राण्याचे कलम आहे.

हा विषय निघण्याचे कारण एक पत्र. मालवण तालुक्यातील एका तरुण रोपवाटिकाधारकाने मला विचारले आहे, “परदेशात लोक घरच्या काचपेटीत प्रवाळाची कलमे करतात आणि एकेक तुकडा वीस-वीस डॉलरला विकतात असे पाहिले. आमच्या समोरच्या खडपात प्रवाळ आहे. मी आंब्याची आणि काजूची कलमे करतोच. ही करू का?”

उत्तर एका शब्दाचे आहे, ‘नाही’. खडपातील प्रवाळाला हात लावणे हा गुन्हा आहे आणि त्याविषयी मी पुढे सविस्तर सांगणार आहे. पण या तरुणाची जिज्ञासा खोटी नाही. दोन वर्षांपूर्वी मी लेकीकडे अमेरिकेत न्यू जर्सीला सहा महिने राहिलो. तेथे जावईबापू आणि नातू यांनी तळघरात समुद्राच्या पाण्याची पेटी ठेवली आहे. त्या पेटीपुढे मी हातात कातरी घेऊन बसलो, शिकलो आणि एक मोठे नुकसानही केले. ते सारे आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रवाळ म्हणजे काय?

पहिल्या दिवशी मी नातवाला म्हटले, “झाड छान वाढले आहे तुझे.” तो म्हणाला, “आजोबा, हे झाड नाही, प्राणी आहे.” चौदा वर्षांच्या मुलाने पदवीधर आजोबाची अशी परीक्षा घेतली.

प्रवाळाच्या एका फांदीवर शेकडो बारीक जीव दाटीवाटीने राहतात. प्रत्येक जीवाला एक तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असते. त्याला पॉलिप म्हणतात. हे सर्व जीव एकमेकांना कातडीने जोडलेले असतात आणि खाली चुनखडीचा सांगाडा रचीत जातात. म्हणजे जे दगडासारखे दिसते ते घर असते आणि त्यावर कागदाएवढा पातळ जिवंत थर असतो. या थराच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. त्याबदल्यात प्रवाळ शैवालाला निवारा आणि आपल्या विष्ठेतील नत्र देतो. द्विदल पिकाच्या मुळावरील गाठी आपल्याला माहीत आहेत. हा व्यवहार तसाच आहे, फक्त येथे साखर शैवाल देते. पाणी फार तापले की हे भागीदार दुरावतात, शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ते दिवस लांबले तर उपासमारीने मरते.

छाटकलमाची विद्या निसर्गात आहेच. वादळात फांदीदार प्रवाळ मोडते, तुकडे खाली पडतात, आणि एखादा तुकडा खडकात अडकून स्थिर राहिला की तेथे चिकटून वाढू लागतो. माणसाने घरी केले ते एवढेच की तुकडा आपल्या हाताने तोडला आणि तो हलणार नाही याची तजवीज केली.

पाणी ही जमीन, चुना हे खत

काचपेटी साधारण ४०० लिटरची होती. पाणी समुद्राचे नव्हते. अतिशुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम तयार सागरी मिठाचे मिश्रण घालून ते केले होते. क्षारता मोजण्याचे उपकरण पाहून मला हसू आले. द्राक्ष बागायतदार मण्यातील साखर पाहण्यासाठी जे रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतात त्याचाच तो भाऊ, फक्त पट्टी निराळी. क्षारता दर हजार भागांत ३५ भाग आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावयाचे. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागे राहते, म्हणून तूट भरून काढताना गोडे पाणीच घालावे. नवखा माणूस तेथे खारे पाणी घालतो आणि आठवडाभरात क्षारता चढवून बसतो.

सांगाडा बांधण्यासाठी प्रवाळाला कॅल्शियम आणि कार्बोनेट लागते. कॅल्शियम दशलक्ष भागांत ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि क्षारधर्मीयता ८ ते ९ डी.के.एच. एवढी राखतात. हे आकडे एका पातळीवर स्थिर असणे अधिक महत्त्वाचे. आकडा थोडा कमी असलेला चालतो, पण रोज वरखाली झालेला चालत नाही.

आता हे कॅल्शियम द्यावयाचे कसे? येथे मला फार आनंद झाला. जावईबापू पिंपात पांढरी भुकटी ढवळीत होते. वास घेतला, पाहिले, तर विरी गेलेला चुना! चुन्याची निवळी! बोर्डो मिश्रणासाठी आपण जी करतो तीच. दर लिटर शुद्ध पाण्यात साधारण दीड ग्रॅम चुना ढवळावयाचा, गाळ बसू द्यावयाचा आणि वरची निवळी थेंब थेंब रात्री पेटीत सोडावयाची. रात्री शैवालाचे काम थांबते आणि पाण्याचा सामू उतरतो, तो या निवळीने सावरला जातो. निवळीचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून एकदम ओतली तर पेटीतील सारे मरते. ही पद्धत जर्मन अभ्यासक पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. आजही जर्मन शब्दानेच तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. त्याचा अर्थ चुन्याचे पाणी एवढाच आहे.

मात्र बोर्डो मिश्रणातील दुसरा घटक, म्हणजे मोरचूद, येथे जहर आहे. माशांच्या रोगावर खाऱ्या पेटीत तांबेयुक्त औषध देतात, पण ज्या पेटीत प्रवाळ आहे तेथे तांब्याचा अंशही नको. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या पेटीत काढावे. एकदा तांबे वापरलेली पेटी पुन्हा प्रवाळासाठी वापरू नये, असे जाणकार सांगतात.

खताच्या बाबतीतही आपली सवय बाजूला ठेवावी लागते. नायट्रेट आणि फॉस्फेट फार झाले की हिरवे केसाळ शेवाळ सर्वत्र माजते. अगदी शून्य झाले तरी प्रवाळ फिके पडते. थोडे असावे.

मातृवसाहत आणि तुकडा

आंब्याची कलमकाडी आपण कोणत्याही झाडावरून घेत नाही. मातृवृक्ष निवडतो. प्रवाळाचेही तेच. नवीन आणलेल्या वसाहतीची काडी लगेच घेऊ नये. किमान दोन-तीन महिने ती पेटीत रुळलेली, टोके वाढत असलेली आणि पॉलिप उघडत असलेले दिसले पाहिजेत. आजारी वसाहत वाचविण्यासाठी शेवटचा उपाय म्हणून तुकडे करतात, तो प्रकार निराळा.

फांदीदार कठीण प्रवाळात ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, स्टायलोफोरा या जाती घरच्या पेटीत अधिक दिसतात. फांदी हाड कापण्याच्या कातरीने एका झटक्यात तोडावी. तुकडा ३ ते ५ सेंटिमीटरचा पुरे. हात धुतलेले आणि हातमोजे घातलेले असावेत. तुकडा पकडताना जुन्या टोकाकडे, कापलेल्या बाजूने धरावा, कारण वरचा जिवंत थर बोटाने दाबला तरी फाटतो. कापल्यावर प्रवाळ चिकट बुळबुळीत स्राव सोडते. तो पुसू नये. स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या भांड्यात तुकडा हलवून धुवावा आणि मग आयोडीनच्या सौम्य खाऱ्या द्रावणात पाच-दहा मिनिटे ठेवावा. आपण छाटाला बुरशीनाशक लावतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढचे काम म्हणजे चिकटविणे. सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या लहान चकतीवर घट्ट जेल स्वरूपातील सायनोॲक्रिलेट गोंदाचा वाटाण्याएवढा थेंब ठेवून त्यात तुकड्याचे कापलेले टोक रोवावयाचे. हा गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पाण्यात बुडविला तरी चालतो. सिमेंटच्या चकत्या घरी करावयाच्या झाल्या तर चार ते सहा आठवडे पाणी बदलत भिजत ठेवाव्यात. ताज्या सिमेंटचा चुना पाण्याचा सामू भलताच चढवितो.

चकत्या जाळीच्या मांडणीवर, वाहत्या पाण्यात, पण प्रखर दिव्याच्या थेट खाली नको, अशा ठेवाव्यात. सावलीची ही रीत आपल्याला शिकवावी लागत नाही. आठ-दहा दिवसांनी हळूहळू दिव्याकडे सरकवावे. दोन ते चार आठवड्यांत तुकड्याच्या पायथ्याचा जिवंत थर गोंदावरून चकतीवर पसरू लागतो. हेच कलम लागल्याचे लक्षण. तोपर्यंत तुकडा हालता कामा नये. गुटीची पिशवी रोज उघडून पाहणाऱ्या माणसाने हा उद्योग करू नये.

एक गोष्ट मात्र वनस्पतीपेक्षा वेगळी आहे. आपली काडी उलटी लावली तर मुळे फुटत नाहीत. प्रवाळाची फांदी आडवी चिकटविली तरी ती पायथ्यापासून पसरते आणि वरच्या अंगाने नवी टोके उभी करते. ज्या मूळ वसाहतीची फांदी तोडली तीही त्या जागी बहुधा एकाऐवजी दोन-तीन टोके काढते. छाटणीचा हा परिणाम मी पाहिला तेव्हा मला डाळिंबाची बाग आठवली.

एकाच मातृवसाहतीचे दोन तुकडे शेजारी लावले तर ते एकमेकांना ओळखतात आणि कातडी जुळून एक होतात. निराळ्या वसाहतीचे असतील तर सीमेवर भांडतात, दंश करतात आणि एक दुसऱ्याला मारतो. म्हणून अंतर ठेवावे. युफिलिया वर्गातील लांब स्पर्शकांच्या प्रवाळाला तर वीतभर जागा मोकळी सोडावी लागते, कारण रात्री त्याचे दंश करणारे धागे दूरवर पोहोचतात.

माझ्या हातून झालेले नुकसान

मऊ प्रवाळांची रीत सोपी आहे असे सांगतात आणि ती सोपी आहेही. सार्कोफायटन नावाचे एक चामड्यासारखे छत्रीच्या आकाराचे प्रवाळ असते. धारदार पात्याने छत्री कापली तरी खालचा बुंधा पुन्हा छत्री काढतो. छत्रीच्या पट्ट्या करून दगडाच्या खड्यांवर रबर किंवा दोऱ्याने सैल बांधल्या की दोन-तीन आठवड्यांत धरतात. गोंद त्या बुळबुळीत अंगाला धरत नाही.

तर एका रविवारी नातू मैदानावर खेळायला गेला होता. मी म्हटले, त्याचे काम उरकून ठेवू. एका बादलीत खारे पाणी घेतले, छत्री कापली, पट्ट्या धुतल्या. नंतर त्याच बादलीत, त्याच पाण्यात, ॲक्रोपोराच्या निळ्या फांद्यांचे सहा तुकडे आणि ज्या वसाहतीवरून ते घेतले ती वसाहतही चकतीसह ठेवली. पेटी पुसावयाची होती ना! रोपवाटिकेत शंभर काड्या एकाच घमेल्यात बुडविणारा माझा हात. वाटले, त्यात काय झाले.

चामडी प्रवाळ कापल्यावर जो स्राव सोडते तो इतर प्रवाळांना विषारी असतो. हे त्याचे शत्रूला दूर ठेवण्याचे हत्यार आहे. मोठ्या पेटीत तो विरघळून जातो, कोळशाच्या गाळणीने शोषला जातो. बादलीभर पाण्यात तो दाट झाला. शिवाय पाणी गार होत होते आणि हलतही नव्हते. अर्ध्या तासाने मी सारे पेटीत परत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या फांद्यांवरून कातडी लोंबत होती आणि खाली पांढरे हाड दिसत होते. संध्याकाळपर्यंत सहाही तुकडे आणि तीन वर्षे वाढविलेली मातृवसाहत संपली.

नातू माझ्यावर ओरडला नाही. तो रात्री जेवला नाही, एवढेच लेकीने सांगितले. मला त्या रात्री झोप लागली नाही हे मी कोणाला सांगितले नाही.

म्हणून सांगतो, मऊ आणि कठीण प्रवाळांसाठी भांडी, पाती आणि पाणी वेगळे ठेवावे. मऊ प्रवाळ कापल्यावर कोळसा बदलावा आणि पेटीतील काही पाणी बदलावे. मातृवसाहत कधीही कापणीच्या भांड्यात ठेवू नये. तिचे काम पेटीतच आटोपावे.

छत्रीसारखेच अळंबी प्रवाळ असते. त्याची चकती सुरणाच्या कंदासारखी उभी चिरतात आणि प्रत्येक फोडीला तोंडाचा थोडा भाग येईल असे पाहतात. फोडी खडीच्या डबीत जाळी लावून ठेवल्या की आपापल्या खड्याला धरतात.

विषाचा विचार आधी

आता जे सांगतो ते कृपा करून नीट ऐका. झोअँथिड नावाचे चटईसारखे पसरणारे, रंगीत फुलांसारखे दिसणारे जीव या पेट्यांत फार लोकप्रिय आहेत, कारण ते लवकर वाढतात आणि कलमाला सोपे आहेत. पण त्यांपैकी काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन हे विष असते. हवाई बेटांपैकी माउई येथील हाना गावाजवळच्या एका डबक्यातील ‘शेवाळ’ भाल्याच्या टोकाला लावल्यास जखम प्राणघातक होते, अशी तेथील लोकांची जुनी समजूत होती. ते शेवाळ नसून याच कुळातील जीव निघाला आणि १९७१ मध्ये मूर व शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातून हे विष वेगळे केले. वनस्पती आणि प्राण्यांपासून मिळणाऱ्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते.

हे जीव कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम करू नये. कापताना पिचकारी डोळ्यांत उडू शकते, म्हणून पाण्याखाली धरून कापावे. सर्वांत मोठी चूक म्हणजे नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी दगड उकळणे, त्यावर कढत पाणी ओतणे किंवा कोरडा दगड घासणे. वाफेबरोबर आणि धुळीबरोबर विष घरभर जाते. अमेरिकेत अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात अशा प्रकारे घरात आणि दुकानात माणसे आजारी पडल्याची नोंद तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली आहे. खोकला, ताप, धाप, तोंडाला कडवट चव ही लक्षणे दिसताच बाहेर मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरांना झोअँथिडचे नाव सांगावे. आपल्या बाजूला कीटकनाशक फवारताना तोंडाला रुमाल बांधा असे मी तीस वर्षे सांगत आलो. किती जणांनी बांधला ते मला माहीत आहे. म्हणून जरा आवाज चढवून सांगतो आहे.

कीड म्हणाल तर तीही आहे. ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी आणि लाल रंगाचे सूक्ष्म किडे, मॉन्टिपोरा खाणारी बिनशिंपल्याची गोगलगाय हे मुख्य शत्रू. बाहेरून आणलेला तुकडा वेगळ्या पेटीत किमान सहा आठवडे ठेवावा आणि चकती बदलावी, कारण अंडी बहुतेक चकतीवर असतात. पिठ्या ढेकूण असलेले एक रोप विकत आणून साऱ्या रोपवाटिकेत ढेकूण पसरविल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

ही विद्या कोठून आली?

१९६१ मध्ये इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी एक लेख लिहिला. समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांनी घरच्या पेटीत प्रवाळ जगविले होते. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही, कारण जाकार्ताचा ताजा खडक आणि ऊन इतरांकडे नव्हते. पुढे जर्मनीत त्याच धर्तीवर काम झाले आणि १९८० व ९० च्या दशकांत अमेरिकेतील छांदिष्टांनी कातरी हातात घेतली. गोंदाची युक्ती त्यांच्यात हातोहात पसरली.

यांपैकी एक गोष्ट कृषि विस्ताराच्या माणसाला फार जवळची वाटेल. फ्लोरिडात केन नेडिमायर नावाचे गृहस्थ समुद्राच्या तळावर भाडेपट्टा घेऊन मत्स्यालयासाठी ‘जिवंत खडका’ची शेती करीत. त्यांनी टाकलेल्या दगडांवर हरिणशिंगी प्रवाळाची पिल्ले आपोआप येऊन बसली. हे प्रवाळ समुद्रातून तोडण्यास बंदी होती, पण यांच्या दगडावर ते स्वतः आले होते. त्यांच्या मुलीने ‘फोर-एच’ या उपक्रमात त्याची छाटकलमे करण्याचा प्रकल्प घेतला. ‘फोर-एच’ म्हणजे तेथील कृषि विद्यापीठांच्या विस्तार विभागांमार्फत मुलांसाठी चालणारी चळवळ. मुले एरवी वासरे आणि भोपळे वाढवितात. त्या प्रकल्पातून पुढे २००७ मध्ये प्रवाळ पुनरुज्जीवनाची संस्था उभी राहिली आणि समुद्रात हजारो कलमे लोंबू लागली. गोल, भरीव प्रवाळांचेही चौरस सेंटिमीटरभर तुकडे करवतीने कापले तर ते अखंड वसाहतीपेक्षा कितीतरी वेगाने पसरतात, हे फ्लोरिडातीलच मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या ध्यानी आले, तेही एक तुकडा चुकून मोडल्यामुळे.

यश येथेच संपत नाही आणि अपयशही सांगितले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाचे समुद्राचे पाणी असे तापले की रोपवाटिकांतील कलमे घाईघाईने काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. उथळ उपसागरात एका ठिकाणी पाणी ३८ अंशांवर गेले. समुद्रात राहिलेली हरिणशिंगी प्रवाळे मोठ्या प्रमाणावर मेली. एका मातेची हजार कलमे म्हणजे एकाच वाणाची हजार झाडे. ज्या उष्णतेने एक मरते तीत सारी मरतात.

आपल्या किनाऱ्याचे काय?

मालवणच्या तरुण मित्राकडे येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण भित्तिकाकारक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या खडपातील हाताएवढे प्रवाळ आणि जंगलातील वाघ एकाच ओळीत आहेत. ते तोडणे, बाळगणे, विकणे यांस तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडा शोभेसाठी विकणेही चालत नाही. मालवणचा किनारी भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे त्यात आणखी. परदेशातून मागविण्याचा विचार कोणी सांगेल, तर त्या मार्गातही आंतरराष्ट्रीय परवाने आहेत. प्रवाळ निर्यात करणाऱ्या इंडोनेशियानेही २०१८ मध्ये निर्यात थांबविली होती आणि २०२० मध्ये कलमे करून वाढविलेल्या प्रवाळापुरतीच ती पुन्हा सुरू केली.

कायदा उगाच झालेला नाही. तामिळनाडूत मन्नारच्या आखातातील प्रवाळ वर्षानुवर्षे चुना आणि सिमेंटसाठी खोदले गेले. आज त्याच आखातात तुतीकोरीनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ पासून सिमेंटच्या ठोकळ्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधून लावते आहे. भारतात ही कलमे होतात ती अशी, वनखात्याच्या परवानगीने आणि विकण्यासाठी नव्हे. ज्याला पाण्याखाली उतरता येते आणि हात हलका आहे अशा किनाऱ्यावरच्या तरुणाला अशा कामात जागा असू शकते. त्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करावी. पण त्याला धंदा समजू नये.

मग कलमाचा हात रिकामा ठेवावयाचा का? नाही. मत्स्यालयाला शोभेचे मासे लागतात तशा पाणवनस्पतीही लागतात, आणि त्या गोड्या पाण्यातील आहेत. हायग्रोफिला, लुडविजिया, रोटाला या जातींची छाटकलमे सिमेंटच्या टाकीत, पन्नास टक्के सावलीत होतात. त्यांना ना चुन्याची निवळी लागते ना परवाना. खाऱ्या पाण्याचीच हौस असेल तर विदूषक माशाच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केले आहे. मात्र त्याला भांडवल आणि पाळत दोन्ही अधिक लागतात. नवख्याने गोड्या पाण्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

आपल्यापैकी एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठविली आहे, “त्या मुलाच्या निळ्या प्रवाळाचे पुढे काय झाले?” ते सांगावयाचे राहिलेच. या छांदिष्टांत एक चांगली रीत आहे. आपल्या प्रत्येक चांगल्या वसाहतीचा एक तुकडा दुसऱ्याच्या पेटीत फुकट देऊन ठेवावयाचा. नातवाने वर्षापूर्वी निळ्या फांदीचा तुकडा वर्गातील एका मित्राला दिला होता. आमची वसाहत मेल्यावर दहा-बारा दिवसांनी तो मित्र डब्यातून अंगठ्याएवढी फांदी घेऊन आला. या वेळी गोंद लावताना नातवाने चकती माझ्या हातात दिली. मी परत निघालो तेव्हा ती सात आठवड्यांची झाली होती. पायथ्याशी नखाएवढा निळा घेर पसरला होता आणि बाजूला एक नवे टोक येत होते.

मालवणच्या तरुणाला मी हे सारे पत्राने कळविले. त्याचे उत्तर आले आहे आणि त्यात त्याने रोटालाची काडी किती कांड्यांची घ्यावी असे विचारले आहे. चार ते पाच कांड्यांची घ्यावी. खालच्या दोन कांड्यांवरील पाने काढून ती कांडी धुतलेल्या बारीक वाळूत, दोन बोटे अंतरावर रोवावीत. शेंडा पाण्याबाहेर राहिला तरी चालतो, पण पाणी तापू देऊ नये. दहा-पंधरा दिवसांत कांड्यांना मुळे दिसतात.